तंबू नको, अख्खी कॅराव्हॅनही नको: घडीच्या कॅम्पर ट्रेलरमध्ये लोकांचा जीव का अडकतो?

रानवाट_शोधतोय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारतोच. आम्ही चौघं, मी, बायको आणि दोन मुलं, नऊ आणि सहा वर्षांची. सात-आठ वर्षं तंबूत राहतोय आणि मनापासून आवडतं. पण मागच्या ट्रिपला रात्री दोनला जो पाऊस सुरू झाला त्याचं पाणी वरून नाही, खालून आलं, जमिनीला उतार होता तो अंधारात तंबू लावताना कळलाच नव्हता. सगळ्या स्लीपिंग बॅगा भिजल्या, धाकटी कुडकुडत गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या जॅकेटमध्ये झोपली आणि मी पुढे बसून उजाडायची वाट बघत राहिलो. बायको तेव्हा काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली की मी परत येईन, पण जमिनीवर झोपणार नाही.

मोठी कॅराव्हॅन घ्यायची नाही हे नक्की. गाडीची ओढायची क्षमता १२०० किलो, ठेवायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर चार भिंतींच्या आत बसून खिडकीतून झाडं बघायची असतील तर मला बाहेर पडल्यासारखं वाटतच नाही. त्याच ट्रिपला शेजारी एक कुटुंब होतं, त्यांच्या गाडीमागे कंबरेएवढा चपटा खोका होता, म्हटलं सामानाचा ट्रेलर असेल. पंधरा-वीस मिनिटांत त्या खोक्याचं छप्पर वर गेलं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर आले, आणि त्या पावसात ती माणसं कोरडी झोपली. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

ज्यांच्याकडे असा घडीचा, म्हणजे फोल्डिंग, किंवा नुसतं छप्पर वर जाणारा पॉप-टॉप आहे त्यांनी सांगा, त्यात नेमकं काय आहे की लोक तो सोडत नाहीत? आणि ज्यांनी विकला त्यांनी का विकला? दोन्ही ऐकायचंय.

ताडपत्री

चौदा वर्षं झाली आमच्या कॅम्परला, दुसऱ्या कॅनव्हासवर आहे, अजून विकायचा विचार मनात आलेला नाही, तेव्हा मी एका बाजूनेच बोलणार हे धरून चाला.

तुम्ही जे पाहिलंत ना, पलंग बाहेर येतात, सगळी गंमत त्या पलंगातच आहे. पलंग ट्रेलरच्या बाहेर लटकलेला असतो, खाली टेकू असतात, आणि तुम्ही झोपता तेव्हा डोकं, पाय आणि एक कूस अशा तिन्ही बाजूंना जाळी. म्हणजे जमिनीपासून चांगले तीनेक फूट वर, कोरड्या गादीवर, आणि तरी बाहेरच. रात्री वारा फिरला की गालाला कळतं. घुबड बोललं की कुठल्या झाडावर आहे ते डोळे मिटून सांगता येतं. पहाटे कॅनव्हासचा रंग आधी राखाडी होतो, मग मधासारखा, आणि झाडाच्या फांदीची सावली कापडावर हलायला लागते. माझा मुलगा लहानपणी त्या सावल्यांना बोट लावत पडून राहायचा, अर्धा-अर्धा तास, हाक मारली तरी यायचा नाही. कॅराव्हॅनमध्ये गादी अजून छान असेल पण हे नाही मिळत, आणि तंबूत हे मिळतं पण सकाळी पाठ धरलेली असते.

पावसाचंही सांगते. कॅनव्हासवर पाऊस पडतो तो आवाज पत्र्यावरच्यासारखा कानात बसत नाही, जरा भरीव, मऊ येतो. ज्या कुणाला घरात झोप येत नाही त्याने एकदा तिथे पडून बघावं.

आता दुसरी बाजू. कॅनव्हास ओला असताना घडी घालून तो विसरलात तर संपलं. एका वर्षी आम्ही सकाळच्या दवातच बंद करून निघालो, घरी आल्यावर मुलाला ताप आला आणि ट्रेलर सहा दिवस तसाच राहिला. उघडला तर शिवणीशिवणीवर काळे ठिपके. घासले, उन्हं दाखवली, वास गेला पण ठिपके शेवटपर्यंत गेले नाहीत. तेव्हापासून घरात नियम आहे, ओला बंद केला असेल तर दोन दिवसांच्या आत उघडून वाळवायचा, मग कितीही दमलेले असा. म्हणजे ट्रिप घरी पोचल्यावर संपत नाही, कॅनव्हास वाळल्यावर संपते. हे ज्याला जमणार असेल त्यानेच घ्यावा.

छप्पर_वर

ताईंचं सगळं पटलं, फक्त एक फरक स्पष्ट करतो कारण नवीन लोक फोल्डिंग आणि पॉप-टॉप एकच समजतात. नावांचाही घोळ आहे, अमेरिकेत पॉप-अप किंवा टेंट ट्रेलर म्हणतात, ब्रिटनमध्ये फोल्डिंग कॅम्पर आणि ट्रेलर टेंट, ऑस्ट्रेलियात सरसकट कॅम्पर ट्रेलर, त्यामुळे शोधताना सगळी नावं टाकून बघा.

पॉप-टॉप म्हणजे भिंती कडकच, पलंग आतच, फक्त छप्पर हातभर वर जातं आणि मधे कापडाचा पट्टा. कल्पना जुनीच आहे. वेस्टफालियाने १९५१ मध्ये फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायचं कॅम्पिंगचं लाकडी सामान काढलं, आणि पुढे त्याच व्हॅनवर वर उघडणारी छपरं आली, ती चित्रं सगळ्यांनी पाहिली असतील. छोट्या गाडीत ताठ उभं कसं राहायचं, एवढाच सवाल होता.

माझ्याकडे पॉप-टॉप आहे आणि मला तो का आवडतो सांगतो. रस्त्यात मधेच थांबलो, पोराला झोप आलीये, बाहेर धो-धो पाऊस, तर दार उघडून वाकून आत जाता येतं, अंथरूण घातलेलंच असतं, फ्रिज हाताशी. फोल्डिंग बंद असताना आतलं बहुतेक काहीच हाती लागत नाही, पलंग आत सरकलेले, वर छप्पर बसलेलं. मुक्कामाला पोचलो की चार कड्या सोडायच्या, छप्पर ढकलायचं, झालं, दोन मिनिटं. कापड थोडंच, म्हणून वाळवायचंही थोडंच. पण वजन जास्त, आणि ताई म्हणतात तसं तीन बाजूंनी रान नाही मिळत, हे मान्य.

अजून एक प्रकार आहे, त्रिकोणी, दोन कडक छपरं एकमेकांना टेकून घरासारखं टोक होतं. कापड जवळजवळ नाहीच. उभं मात्र मधोमधच राहता येतं. जिथे अस्वलं आहेत तिथे हा फरक महत्त्वाचा. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या आर.व्ही. पार्कमध्ये, म्हणजे राहायच्या गाड्यांच्या तळावर, कडक भिंतींच्याच गाड्या चालतात, तंबू आणि टेंट ट्रेलर चालत नाहीत. कॅनडात लेक लुईसला कापडी भिंतीवाल्यांसाठी वेगळी जागा आहे आणि तिच्याभोवती विजेचं कुंपण आहे. तेव्हा कुठे जायचंय ते ठरवा आणि मग भिंत निवडा.

पाना_तेरा_नंबर

गाडीची क्षमता १२०० लिहिलीत ते बरं केलंत, नाहीतर लोक शेवटी सांगतात.

घडीच्या ट्रेलरचं खरं मोठेपण बंद असताना दिसतं असं माझं मत आहे, उघडल्यावर नाही. बंद झाला की बहुतेकांची उंची दीड मीटरच्या आसपास, म्हणजे गाडीच्या सावलीत धावतो. हवेचा विरोध समोरच्या आकारावर असतो आणि वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलात की विरोध दीडपटीच्या वर जातो. मोठी कॅराव्हॅन म्हणजे भिंत ओढत न्यायची, आडवा वारा आला की स्टिअरिंग हातात जड लागतं, बाजूने ट्रक गेला की सगळं हलतं. चपट्या ट्रेलरला आरशात वरून मागचा रस्ता दिसतो. ज्याने पाच तास दोन्ही ओढलेत त्यालाच हा फरक खांद्यांत कळतो.

आता वजन. कागदावर ८०० किलो लिहिलं असेल तर ते रिकाम्याचं. त्यात बॅटरी, गॅसचा सिलिंडर, पुढचा मांडव, गाद्या-पांघरुणं, भांडी आणि पाणी धरा, पाण्याचा लिटरला किलो, ६० लिटरची टाकी म्हणजे ६० किलो. हजारच्या वर कधी गेलात कळणार नाही. बाराशेची गाडी असेल तर भरलेला ट्रेलर हजारच्या आतबाहेर ठेवा, चढ आणि उतार दोन्ही असतात. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि माझं म्हणणं की कायदा कुठलाही असो, त्या वजनाच्या वर ब्रेक नसलेला घेऊच नका.

हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जोडावर, किती भार येतो तेही बघा. अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के म्हणतात, युरोपात कमी धरतात आणि तिथल्या गाड्यांच्या टो बॉलची, म्हणजे मागच्या जोडाच्या गोळ्याची, मर्यादाही कमी असते, तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच शेवटचा. मागे जड सामान टाकलं की पुढचा भार हलका होतो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, एकदा लागला की सावरणं अवघड. छोट्या ट्रेलरला घरचा वजनकाटा चालतो, कपलरखाली, म्हणजे ट्रेलरच्या जोडायच्या टोकाखाली, लाकडाचा उभा ठोकळा, त्याखाली काटा, आणि ट्रेलर समतल ठेवून आकडा वाचायचा. हा भार गाडीच्या आतल्या वजनातही मोजला जातो, हे बरेच जण विसरतात.

आधी_होता

मी विकला. तुम्ही विचारलंत म्हणून प्रामाणिकपणे लिहितो, ट्रेलर चांगला होता, आमचं फिरणं त्याला जुळणारं नव्हतं.

आम्हाला रोज पुढे जायचं असायचं, आज इथे उद्या तिथे. आणि फोल्डिंग उघडायला वीस मिनिटं म्हणतात ती फक्त छप्पर आणि पलंगाची. त्याआधी आडवा समतल करायचा, त्यासाठी एका चाकाखाली फळी, मग चाकांना ठोकळे, मग हिच सोडायची, पुढच्या जॅकने उभा समतल, मग चारही कोपऱ्यांचे टेकू, मग कड्या सोडायच्या, मग हँडल फिरवायचं, पलंग ओढायचे, खांब लावायचे, कॅनव्हासच्या पट्ट्या बसवायच्या, शेवटी अंथरुणं. सकाळी तेच उलटं, आणि उलटं करताना कॅनव्हास आत खोचत खोचत छप्पर खाली आणायचं. नऊ दिवसांत सात मुक्काम केले त्या ट्रिपच्या शेवटी आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, मुलं गाडीत बसून बघायची. एका सकाळी घाईत कॅनव्हासचं टोक छपराच्या कडेत अडकून बाहेर राहिलं, वीतभरच असेल. दिवसभर पावसातून गाडी चालवली आणि त्या वीतभर कापडाने वातीसारखं पाणी आत ओढलं. रात्री उघडलं तर एक गादी पूर्ण ओली.

एकाच ठिकाणी चार-पाच रात्री राहणारे असाल तर घ्याच, माझी बहीण तशीच जाते आणि तिने आमचाच घेतलाय, तिचं सुख बघून मला बरं वाटतं. रोज हलणारे असाल तर पॉप-टॉप बघा.

ताडपत्री

आधी_होता दादा, तुमचं मनापासून लिहिलेलं वाचून ट्रिप डोळ्यापुढे आली. कॅनव्हास अडकतो त्यावर एक सोपा उपाय आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. छप्पर खाली आणायच्या आधी बाहेरून दोन्ही बाजूंच्या कापडाला हुकवाली लवचिक दोरी लावायची, म्हणजे छप्पर खाली येताना कापड आपोआप आत ओढलं जातं. आणि एखादी खिडकी किंवा दाराची झिप थोडी उघडी ठेवायची, नाहीतर आतली हवा कोंडते आणि कापड फुग्यासारखं बाहेर फुगतं, तेव्हाच ते कडेत सापडतं. छप्पर बसल्यावर एकदा चारही बाजूंनी फिरून कडेवरून बोट फिरवायचं. आमच्याकडे हे काम मुलाचं होतं आणि तो ते फार जबाबदारीने करायचा.

रानवाट_शोधतोय

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आम्ही तीन-चार रात्री एका जागी राहणारेच आहोत, म्हणून फोल्डिंगकडेच कल झालाय. काल एक वापरलेला बघून आलो, रिकामा ७२० किलो, ब्रेक आहेत. मालकाने उघडून दाखवला. बायको आत गेली, पलंगावर हात टेकवून दाबून बघितलं, मग बूट काढून सरळ आडवीच झाली आणि धाकटीला म्हणाली, ती झिप उघड गं. दोघी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पण मला दोन गोष्टी खटकल्या. छप्पर वर जाताना मागचा डावा कोपरा बाकीच्यांपेक्षा चार बोटं मागे राहत होता, मालक म्हणाला पहिल्यापासून तसंच आहे. आणि आत शिरल्याबरोबर किंचित दमट वास होता. पाना_तेरा_नंबर काका, हे कितपत गंभीर?

पाना_तेरा_नंबर

कोपरा मागे राहतो म्हणजे एकतर त्या बाजूची केबल सैल झालीये, नाहीतर पुली किंवा खांब अडकतोय. पुष्कळ ट्रेलरांत एकाच विंचवरून, म्हणजे हँडलने फिरणाऱ्या केबलच्या रहाटावरून, चारही कोपरे चालतात, त्यामुळे एक मागे पडला की बाकीच्या तिघांवर ताण आणि छपराला पीळ. केबल ताणून घेणं मोठं काम नाही, पण केबलचे धागे सुटलेत का ते हातमोजा घालून बघा. धागे सुटले असतील तर बदलल्याशिवाय त्या छपराखाली मुलांना उभं करू नका. आणि पुढे तुमचा झाल्यावर हँडल कधी जोर लावून फिरवायचं नाही, जड लागलं की थांबायचं, नव्वद टक्के वेळा एखादी कडी सोडायची राहिलेली असते. कोपऱ्याच्या टेकूंनीही ट्रेलर उचलायचा नाही, ते फक्त हलू नये म्हणून आहेत, वजन चाकांवरच.

वासाचं जास्त मनावर घ्या. परत जाल तेव्हा आतल्या चारही कोपऱ्यांत टाचेने दाबून बघा, जमीन दबत असेल तर खालचं लाकूड सडलंय आणि तो सौदा सोडा. छपराच्या आतल्या कडा बोटाने दाबा, तेच. भर उन्हात सगळ्या खिडक्या बंद करून आत बसा आणि कॅनव्हासकडे बघा, भोकं असतील तर ताऱ्यांसारखी दिसतात. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा असेल तर नक्षी कितीही नवी दिसो, बदला, ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभे राहून म्हातारे होतात. चाकाच्या बेअरिंगना ग्रीस शेवटचं कधी भरलं ते विचारा, आठवत नाही म्हणाला तर भरलेलं नाही असं समजा.

छप्पर_वर

एक राहिलं, काकांनी नाही लिहिलं म्हणून लिहितो. चार माणसं रात्रभर श्वास सोडणार, सगळी बाष्पं कापडावर आणि गादीच्या खाली जमतात, म्हणून थंडीतही दोन समोरासमोरच्या झिपा बोटभर उघड्या ठेवा आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला. आणि गॅसची शेगडी ऊब यावी म्हणून आत कधीच पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, अलार्म लावलाच पाहिजे.

ताडपत्री

घेतलात तर पहिली रात्र लांब जाऊ नका, घराजवळच कुठेतरी उघडा आणि तिथेच झोपा. काय विसरलं ते कळेल आणि उघडायची सवय होईल, कुणी हँडल फिरवायचं, कुणी पलंग ओढायचा, हे त्याच रात्री ठरतं. कॅनव्हास सुती आणि नवा बसवलेला असेल तर आधी पाइपाने पूर्ण भिजवून वाळू द्या, सुताचे धागे फुगतात आणि शिवणीची भोकं भरून येतात, पहिल्या पावसात थेंब आला म्हणून घाबरू नका. आणि धाकटीला आधीच विचारून ठेवा कुठल्या बाजूचा पलंग हवाय, त्यावरून भांडणं होतात. आमच्या घरी उगवतीकडचा सगळ्यांना हवा असायचा.